एक हात म्हणजे शंभर वर्षं

"इजिप्त?"

"हजर."

"इराण?"

"हजर."

"रोम?"

"बाई, रोमला कावीळ झालीये. आठ दिवस नाही येणार."

"अरेरे. मग रोमला वह्या कोण नेऊन देणार?"

"कार्थेज देईल बाई. ती त्याच्याच बिल्डिंगमध्ये राहते."

"कार्थेज?" भोईरबाई म्हणाल्या. "दोघांच्या तीन लढाया झाल्यात. वह्या खरंच पोचतायत ना, ते बघा कुणीतरी."

नववी ब च्या दाराबाहेर मी ऑफ तासांची यादी हातात घेऊन उभी होते. आत शिरायला निमित्त हवं म्हणून नव्हे, खरंच काम होतं. पण हजेरी संपेपर्यंत मी आत गेले नाही. चीनने मंगोलियाची कंपासपेटी घेतल्याची तक्रार झाली, ती मिटली. जपानच्या पायाला प्लास्टर होतं, त्याला पहिल्या बाकावर आणलं. मग मी आत गेले.

ठाणे पूर्वेला, कोपरीत, आमची मराठी माध्यमाची शाळा. मी तिथे गणित शिकवते, आणि गेली अकरा वर्षं पर्यवेक्षिका आहे. म्हणजे वेळापत्रक, रजा, पालकांच्या तक्रारी आणि नळाला पाणी का नाही, हे सगळं माझ्याकडे. जयवंती भोईर इतिहास शिकवत. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं तर हजेरीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण त्यांच्या वर्गात मुलांना नावं नव्हती.

दर जूनमध्ये त्या स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या घालून आणायच्या. प्रत्येक मुलाने एक उचलायची. चिठ्ठीत एखादा देश, एखादं जुनं राज्य, नाहीतर एखादी जमात असायची. वर्षभर तो मुलगा त्या लोकांचा वकील. पुस्तकातला धडा आपल्या देशाचा असो की महाराष्ट्राचा, बाई मध्येच थांबायच्या आणि उजवा हात खिडकीकडे फेकून विचारायच्या, "तेव्हा तिकडे काय चाललं होतं?" ज्याचं नाव घेतील त्याने उभं राहायचं. माहीत नसलं तर चालायचं. दुसऱ्या दिवशी शोधून आणायचं. तिसऱ्या दिवशी मात्र "माहीत नाही" चालायचं नाही.

"बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी आली," असं म्हणून त्या एकदा थांबल्या. "जपान, तेव्हा तिकडे काय चाललं होतं?"

जपान उभा राहिला. "माहीत नाही बाई."

दुसऱ्या दिवशी तो शाळा भरायच्या आधीच स्टाफरूमच्या दारात हजर. "बाई, त्याच वर्षी. त्याच वर्षी अमेरिकेची काळी जहाजं आमच्या किनाऱ्याला लागली. धूर सोडत. आमचे लोक घाबरले."

"आमचे," भोईरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "ऐकलंत? आमचे लोक."

तो मुलगा चेंदणीच्या नाक्यावरच्या भाजीवालीचा होता.

*

आता पालकांच्या तक्रारी. एकदा श्रावणीची आई माझ्या केबिनमध्ये आली. श्रावणी नववीतली, वर्गात कधीच तोंड न उघडणारी मुलगी. आई घरी ब्लाऊज शिवायची. कामावरून उठून तशीच आली असावी. गळ्यात माप घ्यायची टेप लोंबत होती, ओढणीला सुई टोचलेली.

"मॅडम, आमच्या श्रावणीला हूण मिळालंय."

"बरं."

"बरं काय मॅडम. मुलगी आहे ती. हूण म्हणजे ते लुटालूट करणारे ना? मी मोबाईलवर बघितलं. शेजारच्या मुलीला फ्रान्स मिळालंय. आमच्याच पोरीने काय केलेलं?"

"चिठ्ठी तिनेच उचलली."

"मग परत उचलू दे ना. जपान बिपान काही द्या. वर्षभर काय ती हूणच राहणार काय?"

मी भोईरबाईंना बोलावलं. वाटलं, दोन मिनिटांत संपेल. त्या आल्या त्याच बोलत. "ताई, बसा. हूण घोड्यावर जेवायचे, घोड्यावर झोपायचे, हे तुम्हाला माहीत आहे? पार आशियाच्या मधून निघाले आणि युरोपपर्यंत गेले. पण त्यांनी स्वतःबद्दल एक ओळ लिहून ठेवली नाही. त्यांच्याबद्दल जे काही लिहिलंय, ते सगळं त्यांच्याकडून मार खाल्लेल्यांनी. आता मला सांगा, तुमच्या मागे तुमच्याबद्दल फक्त तुमच्या जावेने लिहिलं तर कसं वाटेल?"

श्रावणीची आई हसली नाही, पण थोडी सैल झाली. "ते ठीक आहे बाई. पण फ्रान्स..."

"फ्रान्सला वकील पुष्कळ आहेत. ह्यांना कुणी नाही. तुमची पोर बोलत नाही ना वर्गात? बघू दे तिला कुणासाठी तरी बोलून."

आई गेली. जाताना दारात वळून मला म्हणाली, "पुढच्या वर्षी तरी बघा हं मॅडम." जणू चिठ्ठ्या मीच डब्यात घालते.

*

भोईरबाई बुटक्या आणि दणकट होत्या. सुती साडी, खांद्याला पिन, पायात रबरी तळव्याच्या चपला. कोपराला कायम खडू लागलेला, कारण फळ्यावरचं काही पुसायचं असलं तर डस्टर शोधण्याइतका धीर त्यांना नसायचा. त्या कोपरीच्या मूळच्या. आजोबा, वडील दोघेही खाडीकाठच्या मिठागरात कामाला. आता तिथे मीठही नाही आणि आगरही नाही. भावांनी जुन्या घराच्या जागी इमारत बांधली, बाई तिच्या पहिल्या मजल्यावर राहायच्या. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी असायची. आनंद झाला की घरची बोली वर यायची, पाण्याचं पानी व्हायचं आणि नाहीचं नाय. मुलांना ते ठाऊक होतं. पानी आलं की वर्ग सावरून बसायचा, आता काहीतरी चांगलं येणार म्हणून.

त्यांना एकाच गोष्टीचं व्यसन होतं. कुठल्याही माणसाला भेटलं की त्याच्या गावाला जगाशी जोडून द्यायचं. आम्ही दोघी एकदा वर्तकनगरला मुख्याध्यापकांच्या एका सभेला रिक्षाने निघालो. तीन पेट्रोलपंप जायच्या आत त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "भैया, गाँव कौनसा?"

"जौनपूर, मॅडम."

झालं. "जौनपूर? अरे, तुम तो राजधानीवाले हो." आणि पुढे अख्खा रस्ता जौनपूरचे सुलतान, त्यांच्या मशिदी, तिथलं गाणं. बाईंचं हिंदी धेडगुजरी होतं, पण त्याने काही अडलं नाही. सभेच्या दारात रिक्षा थांबली तर त्याने इंजिन बंद केलं आणि मागे वळून बसला. "फिर क्या हुआ, मॅडम?" आम्ही सभेला दहा मिनिटं उशिरा पोचलो. मी चिडले होते. त्या म्हणाल्या, "सावंतबाई, तो माणूस बारा वर्षं ठाण्यात रिक्षा चालवतोय. त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं तो कुठून आलाय ते."

आणखी एक सांगते, कारण ते माझ्याच डब्यावर घडलं. संकष्टी होती. स्टाफरूममध्ये मी साबुदाण्याची खिचडी उघडली. भोईरबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी डब्यात असं वाकून पाहिलं, की मला वाटलं झुरळ आहे.

"सावंतबाई, ह्यात काय काय आहे?"

"खिचडीत काय असतं? साबुदाणा."

"अमेरिका. त्या कंदाचं मूळ तिकडचं. पुढे?"

"दाण्याचं कूट."

"अमेरिका."

"बटाटा."

"अमेरिका. मिरची अमेरिका." त्या उभ्याच राहिल्या. "बाजूला काय, रताळ्याचा कीस? तेही अमेरिका. सावंतबाई, तुम्ही उपास करताय की समुद्रापार जाऊन आलात? आपल्या पणज्यांच्या पणज्यांनी यातलं काहीच बघितलेलं नाही. मग त्या उपासाला खायच्या काय?"

"तूप तरी आपलं आहे," मी म्हटलं.

"तूप आपलं." त्यांनी माझ्या डब्यातला एक घास उचलून तोंडात टाकला. "आणि मीठ. मीठ आमचं."

त्या आठवड्यात नववी ब ला फर्मान निघालं. पाच दिवस डब्यात अमेरिकेची एकही वस्तू आणायची नाही. टोमॅटो नाही, मिरची नाही, बटाटा तर नाहीच. घरोघरी आया वैतागल्या. दोघींचे मला फोन आले. पण शुक्रवारपर्यंत नववीतल्या पोरांना मिरी, चिंच, सुंठ, कुळीथ ही नावं पाठ झाली होती. इंका लोकांचा वकील असलेला मुलगा सगळ्या वर्गावर तोरा मिरवत होता. "आमच्याशिवाय जेवून दाखवा," म्हणत होता.

*

आणि आता दोर.

मिठागरातल्या होडीचा एक सुती दोर बाईंच्या वडिलांनी जपून ठेवला होता. अंगठ्याएवढा जाड, करडा. त्याच्या पुढे बाजारातला दोर जोडून बाईंनी जगाचा दोर केला. एक हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, शंभर वर्षं. हात त्यांचा स्वतःचा. दर हाताला एक गाठ, गाठीला रंगीत चिंधी. पन्नास हात, पाच हजार वर्षं. पहिले तीस हात वडिलांच्या दोराचे, पुढचे वीस बाजारच्या. वर्षभर त्याचा हवा तेवढा तुकडा वर्गात उलगडायच्या. दिवाळीनंतर एका शनिवारी मात्र सगळा दोर ताणायचा. तळमजल्याच्या व्हरांड्यात प्रयोगशाळेच्या दाराच्या कडीपासून निघायचा आणि पाण्याच्या नळांजवळच्या खांबावर संपायचा. खांबावर लाल रंगाची एक रेघ होती. बाजूला बाईंच्या अक्षरात लिहिलेलं, "आज".

मुलं दोराच्या कडेने उभी राहायची, आपापल्या गाठीपाशी. मग बाई लाल रेघेपाशी जाऊन चार बोटं दोरावर ठेवायच्या. "हे तुम्ही. जन्मापासून आजपर्यंत चार बोटंसुद्धा नाही. आणि ही मी." आपल्या कोपरापासून मनगटाच्या जरा अलीकडेपर्यंत. मुलं दरवर्षी तेवढ्यालाच आपापली बोटं दोराला लावून बघायची.

एक वर्ष म्हणजे मुगाचा दाणा. हे मी विसरले नाही, कारण मी ते पट्टीने मोजून पाहिलं होतं. बरोबर होतं.

मी मोजते. माझं काम ते आहे. आणि त्या वर्षी मी नववीच्या सहामाहीचे गणिताचे पेपर पाहिले, तेव्हा मुलांना शेकडेवारी येत नव्हती. नववीत. संस्थेकडून विचारणा झाली. शनिवारचे शेवटचे, जोडून आलेले दोन तास इतिहासाचे होते, भोईरबाईंचे. मी ते गणिताच्या सरावाला घेतले. वेळापत्रक पेन्सिलने बदललं, मग पेनने.

त्या केबिनमध्ये आल्या. "दोन्ही तास काढले?"

"काढले."

"विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"म्हणाले असते." त्या खुर्चीत बसल्या. उजवा हात मांडीवर ठेवून बसलेल्या मी त्यांना प्रथमच पाहिलं. "दोर शनिवारीच ताणता येतो, सावंतबाई. एरवीच्या पस्तीस मिनिटांच्या तासात उलगडूनसुद्धा होत नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त. म्हणजे माझ्या हातात ही नववी आणि आणखी एक. दोनच."

"त्यांना शेकडा काढता येत नाही, बाई. पुढच्या वर्षी दहावी आहे. इतिहास ते वाचून काढतील. गणित नाही वाचून निघत."

त्या म्हणाल्या, "एक करा. या शनिवारी दोर ताणणार आहे. नेनेसाहेबांना बोलवा. त्यांनी बघावं. ते म्हणाले उपयोग नाही, तर मी स्वतः खडू तुमच्या हातात देते. मग एक शब्द काढणार नाही."

नेनेसाहेब आमच्या संस्थेचे कार्यवाह. डोंबिवलीचे, निवृत्त इंजिनिअर, कमी बोलणारे. मी त्यांना फोन केला. खरं सांगायचं तर मला खात्री होती ते काय म्हणणार याची.

*

शनिवारी साडेदहाला ते आले. हातात छत्री आणि वही. भोईरबाईंनी त्यांना थेट लाल रेघेपाशी, खांबाशी उभं केलं. "साहेब, आज तुमच्या हातात येणार."

मुलं गाठींपाशी उभी होती. नेनेसाहेबांनी नळावर पाणी प्यायला आलेल्या एका मुलाला विचारलं, "तू कोण?"

"ग्रीस, सर."

"तुमची ती मॅरेथॉनची लढाई. साल?"

"साल माहीत नाही सर. दाखवू?" उत्तराची वाट न बघता तो व्हरांडाभर पळत गेला आणि एका गाठीच्या जरा पुढे बोट टेकवून ओरडला, "इथे सर. आपल्याकडे बुद्ध होते, तेव्हाच आम्ही."

मी वहीत लिहिलं, साल आलं नाही. नेनेसाहेबांनीही काहीतरी लिहिलं. आणखी दोघांना विचारलं. एकाला साल आलं, एकाला नाही. भोईरबाईंनी कडीकडच्या मुलांना हात केला.

"ताणा," त्या म्हणाल्या.

प्रयोगशाळेच्या कडीला गाठ पक्की होती. मुलांनी दोर उचलला आणि हातोहात पुढे सरकवला. शेवटचं टोक अमेरिकेची वकील असलेल्या मुलीच्या हातात होतं. ती खांबाकडे यायला लागली आणि थांबली. ओढलं. मागून कुणीतरी म्हणालं, "ओढू नको, पहिल्या गाठीवरचा सुमेर पडेल."

टोक खांबापासून दूरच राहिलं.

"बाई, पुरत नाहीये."

"मागे कुठे अडकलाय का बघा."

कुठेच अडकला नव्हता. नेनेसाहेबांनी छत्री खांबाला टेकवून ठेवली, खाली वाकले आणि टोकापासून लाल रेघेपर्यंत आपल्या हाताने मोजलं. "बाई, दीड हाताहून जास्त कमी पडतोय." मग सरळ झाले. "म्हणजे सत्तावन्नच्या बंडापासून आजपर्यंतचं सगळं गायब. स्वातंत्र्य, आपली शाळा, मी, तुम्ही."

कुणीच हसलं नाही. मुलांना ठाऊक होतं की हा तास कशासाठी आहे. शाळेत असं काही लपत नाही. माझ्या मनात आलं, संपलं. अगदी चांगलं वाटलं असं नाही, पण संपलं.

मी भोईरबाईंकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात वर गेला होता.

"अरे, कुणी बोलणार का नाय?" त्या म्हणाल्या. "दीडशे वर्षं चोरीला गेली आपली. गेल्या साली इथपर्यंत होती. शोधा. कुठे गेली?"

मग जो गोंधळ उडाला तो मी अजून विसरले नाही. कुणी म्हणालं गाठी कमी आहेत. मोजल्या. पन्नास. कुणी म्हणालं खांब हलला. त्याला वर्गाने गप्प केलं. चीन माझ्याकडे आला. "बाई, गणिताच्या कपाटातल्या पट्ट्या द्या ना." मी किल्ली दिली. सहा लाकडी पट्ट्या बाहेर आल्या. मुलं व्हरांड्यात आडवी पडून एकेक शतक मोजायला लागली आणि आकडे ओरडून सांगायला लागली. अठरा इंच. अठरा. अठरा. सगळा जुना दोर, तीस हात, अठराला जरा कमी नाही की जास्त नाही.

"साडेसोळा," कुणीतरी ओरडलं.

"कुठे?"

"सांध्याच्या पुढे. पुढचंपण साडेसोळा, बाई. सगळीच साडेसोळा."

नेनेसाहेब गुडघ्यांवर बसले होते. पँट पांढरी झाली होती. "म्हणजे जुना दोर ठीक, नवा आखडलाय," ते म्हणाले. "का?"

मग सांध्याजवळून एक बारीक आवाज आला.

"बाई, दोर कोरा होता का?"

नेनेसाहेबांनी मान वळवली. "तू कोण?"

"हूण," श्रावणी म्हणाली.

"काय म्हणालीस, परत सांग."

"दोर कोरा होता का. माझी आई कोरं अस्तर कापतच नाही. आधी बादलीत टाकते, वाळवते, मग कापते. नाहीतर पहिल्या धुण्याला ब्लाऊज अडकतो." ती भोईरबाईंकडे बघत होती, नेनेसाहेबांकडे नाही. "जिन्याखालच्या कपाटात मेमध्ये पाणी गळलेलं ना? तेव्हा दोर भिजला असेल. जुना आधीच खूपदा भिजलेला. खाडीत. तो कशाला आखडेल?"

ती वर्षभरात वर्गात बोलली होती त्याहून हे जास्त होतं.

भोईरबाईंनी खडूचा हात कपाळावर मारून घेतला. पांढरा पंजा उमटला. खरं होतं ते. आधीच्या वर्षी बाजारच्या वीस हातांना उंदीर लागला होता. त्यांनी नवा दोर आणला आणि दुकानातून आल्या आल्या गाठी मारल्या. मेमध्ये नळाच्या पाइपातून गळून सगळं भिजलं. त्यांनी उन्हात वाळवला आणि गुंडाळून ठेवला.

"मिठागरवाल्याची पोर मी," त्या म्हणाल्या. आवाज चढला होता, डोळे लखलखत होते. "बाप रोज सांगायचा. कोऱ्या दोराला पयलं खाडीचं पानी पाजा, मग गाठ मारा. नायतर गाठ तुम्हाला फसवंल. लहानपणापासून ऐकतेय. आणि मीच विसरले. पोरांनो, वह्या काढा. लिहा. बाई चुकल्या. का चुकल्या तेही लिहा. हूणांच्या वकिलाने पकडलं, असं लिहा."

मुलांनी लिहिलं. खरंच लिहिलं, व्हरांड्यात मांडी घालून. आणि कुणी न सांगता चीन, इंका आणि आणखी दोघं फरशीवर खडूने गणित करायला बसले. अठरावर दीड, तर शंभरावर किती. सव्वाआठच्या वर. वीस शतकांना तीस इंच. तीस इंच म्हणजे किती वर्षं.

"एकशे सहासष्ट," चीन म्हणाला.

"आणि आठ महिने," इंका म्हणाला.

मी फरशीवर वाकून पाहिलं. पायऱ्या बरोबर होत्या. शेकडेवारी.

निघताना नेनेसाहेब गुडघे झटकत म्हणाले, "बाई, सालं सगळ्यांना येत नाहीत."

"नाही येत, साहेब."

"हं." त्यांनी छत्री उचलली. "चूक मात्र शोधता येते. आमच्या कारखान्यात सालं पाठ असलेले पुष्कळ होते." मग माझ्याकडे वळले. "वेळापत्रक तुमचं काम आहे, सावंतबाई. त्यात मी पडणार नाही."

मी केबिनमध्ये गेले आणि व्हाइटनरची बाटली शोधली. शनिवारचे दोन्ही तास परत इतिहासाचे केले. कुणाच्या डोळ्यांत पाणी बघून मी वेळापत्रक बदलत नाही. फरशीवरचं गणित बघून बदललं. अट घातली, दुसऱ्या तासाला मीही वर्गात असेन, आणि जे मोजता येईल ते मुलं माझ्याबरोबर मोजतील.

"या की," भोईरबाई म्हणाल्या. "पण चिठ्ठी काढावी लागेल."

मला माया लोक निघाले. त्यांच्याकडे शून्य होतं, हे मला तेव्हा कळलं. वीस वर्षं गणित शिकवल्यावर. पुढच्या शनिवारी हजेरीत "माया?" आलं तेव्हा मी बाकावरून "हजर" म्हटलं, आणि वर्ग पाच मिनिटं हसत होता.

नवा दोर बाईंनी चुलत्यांकडून आठ दिवस खाडीत भिजवून आणला. मुलांनी गाठी मारल्या. माप बाईंच्याच हाताचं.

*

गेल्या एप्रिलमध्ये निकालाच्या दिवशी त्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. मी भाषण केलं नाही. मला ते जमत नाही, आणि त्यांनाही ऐकत बसणं जमत नव्हतं. दर वक्त्याच्या मध्ये त्या पहिल्या रांगेतल्या मुलांना काहीतरी विचारत होत्या.

समारंभानंतर मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. सुताराकडून सागवानी पट्टी करून आणली होती, दोन फुटांची, गुळगुळीत. "हात ठेवा," मी म्हटलं.

"कशाला?"

"दोर तुमच्या हाताने मोजलाय. जूनमध्ये नवीन बाई येतील, त्यांचा हात किती आहे कुणाला माहीत. जगाचं माप दरवर्षी बदलत राहिलं तर माझी मुलं काय मोजणार?"

त्यांनी पट्टीवर हात टेकवला. कोपराशी एक रेघ मारायची आणि बोटाच्या टोकाशी एक. एवढंच काम, पण हात ठरेना. त्या खिडकीबाहेर श्रावणीला काहीतरी विचारत होत्या. ती आता दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि बाहेरून हूणांच्या बाजूने वाद घालत होती.

"हलू नका," मी म्हटलं.

"नाय हलत."

हलल्याच. तिसऱ्या खेपेला रेघ नीट आली. मग मी पट्टी त्या रेघांवर कापून घेतली. ती आता जिन्याखालच्या कपाटात दोराशेजारी खिळ्याला टांगलेली असते. कपाटाचा पाइप मी बदलून घेतलाय.

फाटकापाशी त्यांची रिक्षा आली. भाऊ सामान घेऊन पुढे गेले होते. त्या एकट्याच बसल्या, मांडीवर नारळ. मला म्हणाल्या, "येते." मी म्हटलं, "या." रिक्षा निघाली. कोपऱ्यावर सिग्नलला थांबली, तेव्हा मला दिसलं की रिक्षावाला मान मागे वळवून बसलाय. त्यांनी त्याला गाव विचारलं होतं हे उघड होतं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तरी तो पुढे बघेना. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत पुरी शंभर वर्षं रिक्षाबाहेर काढून त्या त्याला दूरचं काहीतरी दाखवत होत्या.